अठराव्या मताआधी

रोमन प्रजासत्ताक कुणी संपवलं, असं विचारलं की बहुतेक जण ज्युलियस सीझरचं नाव घेतात. नदी ओलांडून आलेला सेनापती, सिनेटच्या बैठकीतले खंजीर, त्यावरचं शेक्सपिअरचं नाटक. मीही बरीच वर्षं हेच उत्तर दिलं असतं. आता कुणी विचारलं, तर मी सीझरच्या जन्माच्याही तेहतीस वर्षं मागे जाते, इ.स.पू. १३३मध्ये. त्या वर्षी रोममध्ये भर सभेत एक मतदान चालू होतं. पस्तीसपैकी सतरा मतं पडली होती. अठरावं पडलं की निकाल लागणार होता. तेवढ्यात ज्याने हे मतदान मांडलं होतं, त्यानेच ते थांबवलं आणि समोरच्या विरोधकाला मिठी मारून तो विनवण्या करू लागला. अजून वेळ गेलेली नाही, माघार घे.

विरोधकाने माघार घेतली नाही. अठरावं मत पडलं. काही महिन्यांतच तो विनवणी करणारा मेला, तोही बाकाच्या तुटलेल्या पायाचा मार डोक्यात बसून. आणि पुढच्या शंभरएक वर्षांत ते प्रजासत्ताकही गेलं.

कॉलेजात पहिल्यांदा ही गोष्ट वाचली, तेव्हा मी त्या मिठी मारणाऱ्याच्या, टायबेरियस ग्रॅकसच्या बाजूची होते. गरिबांना जमीन द्यायला निघालेला तिशीच्या आतला तरुण एकीकडे, ती अडवणारे जमीनदार दुसरीकडे. यात विचार करण्यासारखं होतं तरी काय? आजही मी त्याची बाजू सोडलेली नाही. पण मधल्या काळात एक प्रश्न डोक्यात येऊन बसलाय आणि तो काही केल्या उठत नाही. तो मांडता यावा म्हणून ही गोष्ट पुन्हा सांगते.

*

आधी खेळाचे नियम समजून घेऊ.

रोमन लोकांनी आपला शेवटचा राजा हाकलला आणि पुन्हा राजा नको म्हणून सगळी सत्ता वाटून टाकली. सर्वोच्च पद कॉन्सलचं, पण कॉन्सल दोन, मुदत एकच वर्ष, आणि एकाने केलेलं दुसरा अडवू शकत होता. सिनेट ही आजी-माजी अधिकाऱ्यांची सभा. तिला कायदा करण्याचा अधिकार नव्हता. ती फक्त सल्ला द्यायची, पण तो सल्ला सहसा कुणी मोडत नसे. कायदे व्हायचे ते लोकांच्या सभेत.

आणि मग होते ट्रिब्यून. सामान्य रोमनांनी, म्हणजे प्लेबियनांनी, उमरावांविरुद्ध चक्क संप केला, शहर सोडून ते एका टेकडीवर जाऊन बसले, आणि त्या भांडणातून हे पद मिळवलं, अशी परंपरा आहे. साल सांगतात इ.स.पू. ४९४. वर्षाला दहा ट्रिब्यून निवडले जात. त्यांनी रात्री शहराबाहेर राहायचं नाही, घराचं दार कायम उघडं ठेवायचं, म्हणजे अडलेल्या माणसाला कधीही दाद मागता यावी. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणारा माणूस शापित, त्याला मारलं तरी पाप नाही, अशी लोकांनी शपथच घेतली होती. आणि ट्रिब्यूनच्या हातात सगळ्यात मोठं हत्यार होतं नकाराधिकार, म्हणजे व्हेटो. कॉन्सलचा हुकूम, सिनेटचा ठराव, दुसऱ्या ट्रिब्यूनने आणलेला कायदा, काहीही तो एका शब्दावर थांबवू शकत होता.

आता हिशेब करून बघा. दहा माणसं, आणि त्यांतला कुणीही एक उठून अख्खं राज्य थांबवू शकतो. असा कारभार चालेल कसा? तो चालायचा, कारण कुणी आपला अधिकार शेवटपर्यंत ताणत नसे. चारच वर्षं आधीचं, इ.स.पू. १३७चं उदाहरण आहे. खटल्यांमध्ये गुप्त मतदान असावं असा कायदा आला होता. बड्या लोकांना तो नको होता. ब्रिसो नावाच्या ट्रिब्यूनने तो अडवून धरला. पण लोकांना कायदा हवाय हे दिसत होतं, वजनदार माणसांनी समजावलं, आणि ब्रिसो बाजूला झाला. अडवायचं, नाराजी नोंदवायची आणि लोकांचा कल स्पष्ट असेल तर पायातून बाजूला व्हायचं, असं हे चालायचं.

हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. रोमला लिखित राज्यघटनाच नव्हती. होती ती ‘मोस मायोरुम’, वाडवडिलांची रीत. असं करतात आणि असं करत नाहीत, एवढंच.

*

भांडण होतं जमिनीचं.

रोमने इटलीतली गावं जिंकताना त्यांची बरीच जमीन आपल्या नावावर केली होती. ही सरकारी जमीन. आपल्याकडच्या गायरानावर जशी हळूहळू कुंपणं पडतात, तशी तिच्यावर श्रीमंतांची कुंपणं पडली. पिढ्या गेल्या. लोकांनी त्या जमिनीत द्राक्षाचे मळे लावले, घरं बांधली, पूर्वजांच्या समाध्या बांधल्या, ती हुंड्यात दिली, तिच्यावर कर्जं काढली. कागदोपत्री राज्याची असलेली जमीन व्यवहारात त्यांची होऊन बसली.

यावर कायदा नव्हता असं नाही. एका माणसाने पाचशे युगेरांपेक्षा, म्हणजे साधारण तीनशे एकरांपेक्षा जास्त सरकारी जमीन ठेवू नये, असा जुना नियम होता. रोमन परंपरा तो लिसिनियस स्टोलो या ट्रिब्यूनच्या नावावर टाकते. गंमत म्हणजे याच लिसिनियसला पुढे त्याच्याच कायद्याखाली दंड झाला, असं इतिहासकार लिव्ही सांगतो. त्याच्याकडे हजार युगेरं निघाली. निम्मी मुलाची आहेत असं दाखवता यावं म्हणून त्याने मुलाला कायद्याने वेगळं काढलं होतं. बेनामी ही काही आपलीच कला नाही.

त्यात रोमची लढायांची पद्धत बदलली होती. सैन्यात भरती होत असे ती थोडीबहुत मालमत्ता असणाऱ्यांची, म्हणजे मुख्यतः शेतकऱ्यांची. पूर्वी मोहीम म्हणजे एक उन्हाळा. आता स्पेनमध्ये माणूस वर्षानुवर्षं अडकून पडायचा. परत येईपर्यंत शेत गहाण तरी पडलेलं असे, नाहीतर शेजारच्या बड्याने गिळलेलं. त्याच लढायांमधून गुलाम मात्र ढिगाने येत होते, आणि गुलामाला कुणी भरतीसाठी बोलवत नसे. नागरिकांच्या शिरगणतीत इ.स.पू. १६४च्या सुमारास ३,३७,००० माणसं होती. १३६मध्ये ती ३,१८,००० भरली. आजचे अभ्यासक याचा अर्थ लावताना जपून बोलतात, आणि काही भागांतल्या उत्खननांत छोटी शेतं तग धरून असलेलीही दिसली आहेत. पण त्या काळच्या रोमनांना आकडा घसरताना दिसत होता, आणि सिसिलीत गुलामांचं मोठं बंड पेटलेलं होतं. भीती खरी होती.

टायबेरियसच्या काही वर्षं आधी गायस लीलियस नावाच्या एका मोठ्या माणसाने हा प्रश्न हातात घेतला होता. श्रीमंतांचा विरोध पाहून, तंटा नको म्हणून त्याने तो सोडून दिला. लोकांनी त्याला ‘सेपियन्स’ ही पदवी दिली, असं प्लुटार्क सांगतो. सेपियन्स म्हणजे शहाणा.

या लीलियसला लक्षात ठेवा. माझा प्रश्न त्याच्यापाशीच आहे.

*

टायबेरियस ग्रॅकस हा काही झोपडीतून आलेला क्रांतिकारक नव्हता. हॅनिबलला हरवणाऱ्या स्किपिओचा तो मुलीकडून नातू. बाप दोनदा कॉन्सल झालेला. बहीण दिली होती कार्थेज उद्ध्वस्त करणाऱ्या धाकट्या स्किपिओला. सासरा ॲपियस क्लॉडियस सिनेटमधला अग्रगण्य माणूस. आई कॉर्नेलियाने बारा मुलांना जन्म दिला, जगली तीन, आणि त्या तिघांसाठी तिने सगळं आयुष्य वेचलं. याची वाट आखलेली होती. गप्प राहिला असता तर कॉन्सल झालाच असता.

इ.स.पू. १३७मध्ये स्पेनमध्ये नुमान्शियाच्या वेढ्यात रोमन सैन्य पुरतं कोंडलं गेलं. टायबेरियस तिथे हिशेब पाहणारा अधिकारी होता. शत्रूने सांगितलं, बोलणी करू तर याच्याशीच. त्याच्या बापाने पूर्वी तिथे दिलेला शब्द पाळला होता, ती पुण्याई. टायबेरियसने तह केला आणि प्लुटार्कच्या हिशेबाने वीस हजार रोमन नागरिक जिवंत परतले. सिनेटने तह नामुष्कीचा ठरवून मोडला आणि सेनापतीला उघडा करून, हात बांधून नुमान्शियाच्या वेशीवर पाठवून दिलं. नुमान्शियाच्या लोकांनी त्याला घेतलंच नाही. टायबेरियस वाचला, पण त्याचा शब्द मातीला मिळाला होता. पुढचं सगळं या अपमानाचा सूड होता, असं म्हणणारे तेव्हाही होते. असेलही. माणसाच्या मनात अपमान आणि न्यायबुद्धी शेजारी शेजारी राहू शकतात.

चार वर्षांनी तो ट्रिब्यून झाला आणि त्याने जमिनीचा कायदा आणला. कायदा तसा सौम्य होता. पाचशे युगेरांची जुनी मर्यादा कायम, वर मुलांसाठी आणखी सवलत, आणि तेवढी जमीन निर्धोकपणे तुमची. मर्यादेवरची जमीन परत घेऊन भूमिहीनांना छोटे तुकडे द्यायचे, ते त्यांनी विकायचे नाहीत. मसुदा करताना त्या वर्षीचा कॉन्सल आणि नावाजलेला कायदेपंडित म्यूशियस स्कीव्होला याचाही सल्ला घेतला होता.

फक्त एक गोष्ट त्याने केली नाही. कायदा आधी सिनेटपुढे ठेवला नाही. तो थेट लोकांकडे गेला. हे बेकायदा नव्हतं, शंभर वर्षांपूर्वी एकाने केलंही होतं. पण रीत नव्हती.

खेड्यापाड्यांतून माणसं मतदानाला आली. इटलीतल्या रानटी जनावरालासुद्धा गुहा असते आणि इटलीसाठी मरणाऱ्याला डोकं टेकायला जागा नाही, अशा अर्थाचं त्याचं भाषण तेव्हाचं. कायदा वाचून दाखवायला कारकून उभा राहिला, आणि मार्कस ऑक्टेव्हियस या दुसऱ्या ट्रिब्यूनने त्याला थांबवलं. व्हेटो.

ऑक्टेव्हियस टायबेरियसचा मित्र होता. त्याच्या स्वतःकडे सरकारी जमीन होती. तुझं होणारं नुकसान मी माझ्या खिशातून भरून देतो, असंही टायबेरियसने त्याला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. टायबेरियसने मग खजिन्याला आपलं सील लावलं आणि या कायद्यावर मत होईपर्यंत राज्याचं सगळं कामकाज बंद पाडलं. ऑक्टेव्हियस हलला नाही. प्रकरण सिनेटपुढे नेलं, तिथेही टायबेरियसच्या पदरात टोमणेच पडले.

इथे आपण बऱ्याचदा चुकतो. रीत आधी मोडली ती टायबेरियसने, असं पाठ्यपुस्तकी उत्तर असतं. पण ब्रिसोची आठवण ठेवली तर दिसतं, की ऑक्टेव्हियसनेही रीत मोडलीच होती. सामान्यांच्या रक्षणासाठी निर्माण झालेला नकाराधिकार त्याने सामान्यांच्याच कायद्यावर, लोकांचा कल डोळ्यांसमोर दिसत असताना, शेवटपर्यंत ताणला. नियमाच्या अक्षराप्रमाणे तो शंभर टक्के बरोबर होता. म्हणूनच त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

टायबेरियसपुढे आता दोनच वाटा होत्या. लीलियससारखं शहाणं व्हायचं, किंवा जे आजवर कुणी केलं नाही ते करायचं. त्याने लोकांपुढे प्रश्न ठेवला. लोकांच्या विरुद्ध वागणारा ट्रिब्यून ट्रिब्यून राहतो का? रोमन मतदार पस्तीस गटांत वाटलेले असत आणि प्रत्येक गटाचं एक मत. सतरा गट ऑक्टेव्हियसच्या विरोधात गेले. तेव्हाची ती मिठी. प्लुटार्क लिहितो, की ऑक्टेव्हियसचे डोळे पाण्याने भरले, तो बराच वेळ गप्प राहिला, मग त्याची नजर समोर घोळक्याने उभ्या असलेल्या श्रीमंतांकडे गेली, आणि त्याने टायबेरियसला सांगितलं, तुला हवं ते कर.

अठरावं मत पडलं. ऑक्टेव्हियसला व्यासपीठावरून ओढून खाली काढलं. जमावापासून त्याला वाचवताना त्याच्या नोकराचे डोळे गेले. आणि जमिनीचा कायदा मंजूर झाला.

*

काही दिवसांनी टायटस ॲनियस नावाच्या एका म्हाताऱ्या सिनेटरने टायबेरियसला भर सभेत एक साधा प्रश्न विचारला. समजा, तू माझ्यावर अन्याय करायला निघालास, मी तुझ्या एखाद्या सहकारी ट्रिब्यूनकडे धाव घेतली, आणि तो माझ्या मदतीला आला म्हणून तू चिडलास, तर त्याचंही पद काढून घेणार का?

टायबेरियस उत्तम वक्ता होता. या प्रश्नावर त्याला शब्द सुचला नाही. त्याने सभा बरखास्त केली.

पहिल्यांदा वाचताना हा प्रसंग मी ओलांडून पुढे गेले होते. म्हाताऱ्याचा खवचटपणा वाटला होता. आता वाटतं, सगळ्या गोष्टीचा कणा इथे आहे. ॲनियस जमिनीबद्दल बोलतच नव्हता. तो विचारत होता, की तू वापरलेलं हत्यार उद्या दुसऱ्याच्या हातात असेल तेव्हा काय?

पुढचं भराभर घडलं. जमिनी मोजायला तिघांचं मंडळ नेमलं गेलं. त्यात टायबेरियस, त्याचा धाकटा भाऊ गायस आणि सासरा. सिनेटने त्यांना खर्चाला दिवसाला नऊ ओबोल, म्हणजे चिल्लर मंजूर केली. योगायोग असा की त्याच वर्षी आशियातल्या पर्गममचा राजा ॲटलस निपुत्रिक वारला आणि मृत्युपत्राने आपलं राज्य रोमला देऊन गेला. टायबेरियसने जाहीर केलं, तो पैसा नव्या शेतकऱ्यांना अवजारं आणि बियाण्यासाठी वापरू, आणि पर्गममच्या शहरांचं काय करायचं तेही लोकच ठरवतील. परराष्ट्र आणि खजिना ही दोन्ही खाती रिवाजाने सिनेटची. म्हणजे आणखी एक रीत गेली. मग मुदत संपत आली. पद गेलं की संरक्षण जाणार, खटले लागणार. म्हणून तो लागोपाठ दुसऱ्या वर्षी निवडणुकीला उभा राहिला. तसं कुणी करत नसे. आणखी एक.

प्रत्येक पावलाला कारण होतं. प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. मी यादी करून पाहिली आहे. मी त्याच्या जागी असते तर यातलं कुठलं पाऊल टाकलं नसतं, हे मला सांगता येत नाही.

मतदानाच्या दिवशी कॅपिटॉल टेकडीवर गडबड झाली. गोंगाटात ऐकू जाईना, तेव्हा आपल्या जिवाला धोका आहे हे सांगायला टायबेरियसने डोक्याला हात लावला. विरोधकांनी धावत जाऊन सिनेटला सांगितलं, तो मुकुट मागतोय. स्किपिओ नासिका उठला. हा रोमचा मुख्य पुरोहित, आणि टायबेरियसचा सख्खा मावसभाऊ. त्याने कॉन्सलला कारवाई करायला सांगितलं. कॉन्सल होता तो कायदेपंडित स्कीव्होला. त्याने नकार दिला. खटला चालवल्याशिवाय मी कुठल्याही नागरिकाला मारणार नाही, आणि सभेने बेकायदा काही ठरवलं तर ते मी मानणार नाही, असं तो म्हणाला. त्या दिवशी रोममध्ये बोललेलं सगळ्यात शुद्धीवरचं वाक्य हेच असावं. नासिकाने त्याची पर्वा केली नाही. राज्य वाचवायचं असेल त्यांनी माझ्या मागे यावं, म्हणत त्याने टोग्याचा पदर डोक्यावर ओढला आणि तो निघाला. त्याच्या मागे सिनेटर निघाले. वाटेत लोकांनी मोडलेल्या बाकांचे पाय आणि दांडकी त्यांनी उचलली. टायबेरियसवर पहिला घाव घातला तो त्याच्याच एका सहकारी ट्रिब्यूनने. तीनशेवर माणसं मेली. प्लुटार्क आवर्जून सांगतो, लोखंडाने एकही नाही. सगळी लाकडाने आणि दगडाने.

प्रेतं रात्री टायबर नदीत टाकली. भावाचं प्रेत गायसने मागितलं, ते दिलं नाही. ज्याच्या अंगाला हात लावणं पाप होतं, तो ट्रिब्यून होता हा. त्याला मारणाऱ्यांच्या पुढे होता धर्माचा मुख्य पुरोहित. आणि ज्या स्कीव्होलाने आधी नकार दिला, त्यानेच नंतर नासिकाच्या कृत्याचं समर्थन केलं, असं सिसेरो लिहून ठेवतो.

*

आता मला सगळ्यात चक्रावून टाकणारा भाग. माणूस मारला, पण कायदा राहिला.

जमीन मोजणारं मंडळ बंद झालं नाही. टायबेरियसच्या जागी दुसरा सभासद आला आणि काम चालू राहिलं. त्यांनी रोवलेले हद्दीचे दगड इटलीत सापडले आहेत, त्यांवर मंडळातल्या तिघांची नावं कोरलेली आहेत. म्हणजे या कायद्यासोबत सिनेटला जगता येत होतं. मग तीनशे माणसं कशासाठी मारली? पुन्हा निवडणूक लढवण्याचंही तेच. दहा वर्षांनी गायस लागोपाठ दोनदा ट्रिब्यून झाला आणि त्यावरून कुणाचं डोकं फुटलं नाही. ज्या गोष्टींसाठी आभाळ कोसळणार होतं, त्या सगळ्या झाल्या आणि आभाळ जागच्या जागी राहिलं. फक्त एक नवी गोष्ट सगळ्यांना कळली होती. वाद मिटवायची आणखी एक पद्धत आहे.

नासिकाला लोकांच्या संतापापासून वाचवायला आशियात पाठवलं गेलं, तो तिथेच पर्गममला मेला. पुढच्या वेळी मात्र बाकाचे पाय उचलावे लागले नाहीत. इ.स.पू. १२१मध्ये गायस ग्रॅकसच्या विरोधात सिनेटने रीतसर ठराव केला. राज्याला इजा पोहोचू नये म्हणून कॉन्सलने आवश्यक ते करावं. कॉन्सल ओपिमियसने क्रीटचे तिरंदाज आणले. गायसचं डोकं आणणाऱ्याला त्याच्या वजनाइतकं सोनं जाहीर झालं होतं. ज्याने ते आणलं, त्याने आत शिसं ओतून वजन वाढवलं होतं, असं सांगतात. या वेळी मेलेल्यांचा आकडा प्लुटार्क तीन हजार देतो. ओपिमियसवर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. त्याआधी त्याने सलोख्याच्या देवीचं, कॉन्कॉर्डियाचं, मंदिर बांधलं होतं.

इ.स.पू. १००मध्ये सॅटर्निनस या ट्रिब्यूनला सिनेटच्या सभागृहात कोंडून, छपराची कौलं काढून, कौलांनी ठेचून मारलं. इ.स.पू. ८८मध्ये आपलं सेनापतिपद लोकांच्या मताने दुसऱ्याला गेलं म्हणून सुल्ला सहा लीजन घेऊन रोमवर चालून आला. त्याचे बहुतेक सगळे अधिकारी लाजेने सोडून गेले. सैनिक मात्र राहिले. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे जमीन नव्हतीच. ती देईल तर सेनापतीच देईल, एवढं त्यांना समजलेलं होतं. टायबेरियस जे मताने द्यायला निघाला होता, ते आता तलवारीने मिळणार होतं.

आणि ॲनियसच्या प्रश्नाचं उत्तर? ते इ.स.पू. ६७मध्ये मिळालं. पॉम्पेला समुद्री चाच्यांविरुद्ध अख्ख्या भूमध्य समुद्राचा अधिकार द्यायचा कायदा गॅबिनियस या ट्रिब्यूनने आणला. ट्रेबेलियस नावाच्या दुसऱ्या ट्रिब्यूनने व्हेटो केला. गॅबिनियसने सरळ त्याला पदावरून काढण्याचं मतदान सुरू केलं. सतरा गटांची मतं पडली. अठराव्याआधी ट्रेबेलियसने माघार घेतली. तोच खेळ, तोच आकडा. फक्त या वेळी पलीकडे भूमिहीन शेतकरी नव्हता, एक महत्त्वाकांक्षी सेनापती होता. हत्याराला कारण कळत नाही. ते ज्याच्या हातात असेल त्याचं असतं.

शेवट तर आपल्याला ठाऊक आहे. इ.स.पू. ४९मध्ये सीझर सैन्यासह रुबिकॉन ओलांडून आला, तेव्हा त्याने दिलेल्या कारणांत एक होतं ट्रिब्यूनांच्या हक्कांचं रक्षण. पाच वर्षांनी त्याला न आवडलेल्या दोन ट्रिब्यूनांना त्याने पदावरून काढायला लावलं. आणि इ.स.पू. २३मध्ये त्याच्या वारसाने, ऑगस्टसने, ट्रिब्यूनचं पद न घेता ट्रिब्यूनचे अधिकार तहहयात घेतले. व्हेटो आणि अंगाला हात न लावण्याचं कवच, दोन्ही. सामान्यांच्या संपातून जन्मलेलं ते हत्यार शेवटी सम्राटाच्या अधिकारांच्या यादीत जाऊन बसलं. निवडणुका तरीही होत राहिल्या. कॉन्सलही दोन निवडले जायचे. प्रजासत्ताक संपलं असं कुणी जाहीर केलं नाही.

*

आता माझा प्रश्न. लीलियस शहाणा होता का?

तो मागे हटला. रीत वाचली. जमीन जिथे होती तिथेच राहिली, आणि आणखी काही हजार माणसं शेत गमावून रोमच्या गल्ल्यांत आली. त्याला शहाणा म्हणणाऱ्यांची शेतं शाबूत होती, हे विसरता येत नाही. टायबेरियस हटला नाही. निदान काही हजार कुटुंबांना जमीन मिळाली असेल. आणि सतरा मतांची ती युक्ती जगाला कळली.

बरीच वर्षं मला वाटायचं, की या दोघांतला एक निवडावा लागेल. आता वाटतं, आपण चुकीच्या माणसाकडे बघतोय. बघायला हवं ते ऑक्टेव्हियसकडे, आणि तो ज्यांच्याकडे बघून गप्प झाला त्या घोळक्याकडे. न लिहिलेले नियम सगळ्यांचं सारखंच रक्षण करत नाहीत. काहींची शेतं त्यांच्या आधाराने उभी असतात, काहींना त्यांतून काहीच मिळत नाही. मग रीत सांभाळायची जबाबदारीही सारखी कशी असेल? जिच्या आडोशाने तीनशे एकरांवरची जमीन राखली जाते, ती रीत शेवटपर्यंत ताणायची, आणि समोरच्याने वैतागून ती मोडली की रीत मोडली म्हणून दांडकी उचलायची, हे त्या दिवशी कॅपिटॉलवर झालं. नियमाच्या अक्षरावर बोट ठेवून दार बंद करणाऱ्याने, भिंत फोडली म्हणून रडू नये.

पण एवढं म्हणून माझी सुटका होत नाही. कारण ॲनियसचा प्रश्न उरतोच, आणि त्याला टायबेरियसकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, ते त्यालाही ठाऊक असावं. नाहीतर सतरा मतं खिशात असताना, एका मतावर विजय उभा असताना, माणूस मतदान थांबवून विरोधकाच्या गळ्यात का पडेल? आपण काय मोडतोय ते त्या क्षणी त्या सभेत त्याच्याइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं.

त्याने पुन्हा एकदा विचारलं. मग अठराव्या गटाला बोलावलं.